मॅमोग्राफी, सोनोग्राफी की एमआरआय? नागपुरातल्या बायकांसाठी स्तनतपासणीची वाट, पायरीपायरीने

ऑक्टोबरात स्तनकर्करोगाची शिबिरं लागतात. अशाच एका शिबिरातून चिठ्ठी घेऊन उमरेडकडच्या एक काकू आमच्याकडे आल्या. "मले काही झालं नाही जी, सून म्हणे चाला, म्हणून आली," असं हसतच म्हणाल्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला: हाताला काही लागतं का? तर डाव्या बाजूला काखेजवळ बोराएवढं काहीतरी लागत होतं. संक्रांतीचं वाण लुटून आल्यावर आंघोळीच्या वेळी पहिल्यांदा जाणवलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. संक्रांत ते दसरा, नऊ महिने.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयात मॅमोग्राफीचं मशीन चालवते. फोटो मी काढते, रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट डॉक्टर लिहितात. पण कपडे बदलायच्या त्या पाच मिनिटांत बायका जे बोलतात, ते डॉक्टरांच्या टेबलासमोर बहुतेकदा बोलत नाहीत. त्या बोलण्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. कोणतं मशीन चांगलं, हे बायका आधी विचारतात. आपल्याला उत्तर कशाचं हवंय, हे ठरवायचं राहून जातं. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

पहिली पायरी: काही जाणवतंय का?

स्क्रीनिंग म्हणजे जिला कसलाही त्रास नाही, जिच्या हाताला काही लागत नाही, अशा बाईची ठरावीक काळाने केलेली तपासणी. गाठ लागत असेल, एकाच बाजूच्या स्तनाग्रातून आपोआप रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं असेल, स्तनाचा आकार बदलला असेल, काखेत गाठ आली असेल, तर ते स्क्रीनिंग राहत नाही. कातडीवर बारीक खड्डे पडून ती संत्र्याच्या सालीसारखी दिसते, हेही असंच एक लक्षण. नागपूरकरणींना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

अशा वेळी जी होते ती निदानाची तपासणी. दोन्हींत मशीन तेच, पण पद्धत वेगळी. स्क्रीनिंगमध्ये प्रत्येक स्तनाचे दोन, असे चार फोटो निघतात आणि डॉक्टर ते मागाहून वाचतात. निदानाच्या तपासणीत डॉक्टर आधी हाताने तपासतात, शंकेच्या जागेचे जास्तीचे फोटो घेतले जातात आणि सोनोग्राफी शक्यतो त्याच दिवशी होते. हाताला लागणारी गाठ मॅमोग्राफीत दिसली नाही, तरी ती गाठ तिथे असतेच आणि तिचं उत्तर मिळवावंच लागतं. एका ताईंनी 'नॉर्मल' लिहिलेला रिपोर्ट आठ महिने कपाटात ठेवला होता. गाठ लागते हे त्यांनी फोटो काढताना सांगितलं नव्हतं आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून विनंती आहे, कुणी विचारो न विचारो, तुम्ही सांगा. शिबिराची वाट बघू नका.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये फायब्रोअ‍ॅडिनोमा ही साधी गाठ सापडते, पस्तिशी-चाळिशीच्या पुढे पाण्याच्या गाठी सापडतात. पण 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हा हिशोब उलटा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

लक्षण असेल तर कोणती तपासणी आधी, हे मुख्यतः वयावर ठरतं. तिशीच्या आत सोनोग्राफी आधी. तीस ते चाळीसमध्ये डॉक्टर ठरवतील, बहुतेकदा सोनोग्राफी आणि गरज वाटली तर जोडीला मॅमोग्राफी. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईची सोनोग्राफी आधी. दूध साकळलं असेल म्हणून महिनोन्‌महिने थांबणं मात्र धोक्याचं आहे.

दुसरी पायरी: वय आणि घराण्याचा हिशोब

काहीच जाणवत नसेल तर कागद-पेन घेऊन बसा. आधी वय लिहा. मग घराण्यात कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला आणि कितव्या वर्षी, ते लिहा. आई, बहीण, मुलगी या सगळ्यांना आठवतात. आत्या आणि वडिलांकडची आजी विसरल्या जातात. जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो, त्यामुळे आत्याचा आजार तुमच्या कागदावर आलाच पाहिजे. कुणाला पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही स्तनांना झाला असेल किंवा घराण्यातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर त्याखाली रेघ मारा. हा कागद घेऊन कर्करोगाच्या डॉक्टरांना भेटा. बीआरसीए, म्हणजे ज्यातल्या दोषाने हा धोका खूप वाढतो त्या जनुकाची चाचणी करायची का, ते तिथे ठरेल.

घराण्यात कुणालाच नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा जागतिक अंदाज आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहा वर्षं लवकर गाठतो. तरीही ठरल्या वयाला घरी पत्र पाठवून मॅमोग्राफीला बोलवणारी सरकारी व्यवस्था इथे नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून हाताने स्तनतपासणी होते. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, आकार बदलला का, हे प्रश्न असतात. ते फॉर्म घाईत 'नाही, नाही, नाही' म्हणत भरू नका. दाराशी आलेली ती पहिली तपासणी आहे.

मॅमोग्राफी कधीपासून करायची यावर जगभर एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी करावी असा सल्ला दिला. स्वीडनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत ज्या बायकांना मॅमोग्राफीला बोलावलं गेलं, त्यांच्यात स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. माझं मत असं: तीस ओलांडली की हाताने तपासणी नियमित करून घ्या, चाळीस ओलांडली की मॅमोग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि पन्नास ते सत्तरमध्ये दर दोन वर्षांनी ती चुकवू नका. आई किंवा बहिणीला झाला असेल तर तिच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करण्याची पद्धत आहे, मात्र मॅमोग्राफी साधारणपणे तिशीच्या आत सुरू करत नाहीत.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका

हा लेख फोटोंबद्दल असला तरी इथे थोडं थांबते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, साध्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ज्यांची तपासणी झाली त्यांचा आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. मशीन नाही, वीज नाही, फक्त शिकवलेले हात. काटोल, रामटेक, भिवापूरच्या बाईला नागपूरला येणं जमेपर्यंत उपकेंद्रातली ही तपासणी मिळाली तरी पुष्कळ आहे.

तिसरी पायरी: मॅमोग्राफी

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे. १९१३ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक अल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढून त्यांचा अभ्यास केला. कर्करोगाच्या जागी कॅल्शियमचे बारीक कण दिसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. आजही मॅमोग्राफीचं खरं बळ तेच आहे. अर्ध्या मिलिमीटरहून लहान असे हे कण हाताला कधीच लागणार नाहीत आणि सोनोग्राफीतही बहुतेक वेळा निसटतात. सगळेच कण वाईट नसतात, बरेचसे वयाप्रमाणे येतात. त्यांचा आकार कसा आहे आणि ते विखुरलेत की एकाच जागी गोळा झालेत, यावरून डॉक्टर ठरवतात.

दिवस निवडताना पाळीचा हिशोब करा. पाळी येण्याआधीच्या आठवड्यात स्तन भरलेले आणि दुखरे असतात, म्हणून पाळी संपल्यानंतरचा आठवडा बरा. पाळी गेली असेल तर कोणताही दिवस चालतो. गरोदर असण्याची शंका असेल तर आधीच सांगा.

त्या दिवशी काखेत आणि छातीवर काहीही लावू नका. पावडर नको, डिओ नको, अत्तर नको. नागपूरच्या मे महिन्यात घामोळ्याच्या पावडरीशिवाय बाई घराबाहेर पडत नाही हे मला माहीत आहे. पण त्या पावडरीतलं झिंक आणि डिओतलं अ‍ॅल्युमिनियम फोटोत पांढरे ठिपके होऊन उतरतं, अगदी कॅल्शियमच्या कणांसारखं. एका बाईंना असेच ठिपके दिसल्यामुळे पुन्हा बोलवावं लागलं. काख पुसून फोटो घेतला, ठिपके गेले. पण आदल्या रात्री त्या आणि त्यांचे मिस्टर दोघेही झोपले नव्हते. तेव्हापासून मी ओला रुमाल हाताशी ठेवते. चुकून लावून आलात तर सांगा, पुसून टाकू, रागवत नाही.

साडी-ब्लाऊज किंवा कुर्ता-सलवार घालून या, म्हणजे फक्त वरचा भाग काढावा लागतो. मंगळसूत्र पाठीकडे सरकवून चालतं. जुने फोटो, सीडी, रिपोर्ट, आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत आणा. फोटो काढणारी बाई आहे का, हे फोनवरच विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मशीनसमोर. तुम्ही उभ्या असता. स्तन एका सपाट पट्टीवर ठेवून वरून पारदर्शक पट्टीने दाबला जातो. पहिला फोटो वरून खाली, त्याला आम्ही सीसी म्हणतो. दुसरा तिरका, काखेपासून खाली, तो एमएलओ. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे, तरच काखेकडचा कोपरा आत आला असं समजायचं. तो कोपरा महत्त्वाचा आहे, कारण बऱ्याच गाठी तिकडेच असतात. तुमच्याकडून एकच मदत हवी असते: खांदा सैल सोडा आणि मागे रेलू नका. ताठरलेला खांदा स्नायूलाही ताठ करतो, मग जास्त दाबावं लागतं आणि फोटोही अर्धवट येतो.

"काहून एवढं दाबता जी?" हा प्रश्न रोज येतो. दाबल्याने स्तन पसरतो आणि एकावर एक आलेल्या गोष्टी वेगळ्या होतात. जाडी कमी झाली की किरणं कमी लागतात. आणि हलण्याने फोटो धूसर होत नाही. दाब काही सेकंदांचा असतो, फोटो निघाला की लगेच सुटतो. काहींना नुसतं आवळल्यासारखं वाटतं, काहींना खरंच दुखतं. दुखलं तर बोला, हळूहळू दाबता येतं. दाबल्याने गाठ फुटते किंवा कर्करोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही.

चारही फोटो मिळून साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. माती, हवा, आकाशातून आपल्या सगळ्यांना रोज थोडा थोडा मिळतोच, त्याच्या दोनेक महिन्यांच्या हिश्श्याएवढा. दोन वर्षांतून एकदा एवढ्याला घाबरून तपासणी टाळू नये.

केंद्र निवडताना विचारा: मशीन पूर्ण डिजिटल आहे का, की कॅसेट काढून वाचायचं जुन्या धाटणीचं? पूर्ण डिजिटल असेल तर उत्तम. २००५ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ५० हजार बायकांच्या अभ्यासात असं दिसलं, की पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनांच्या बायकांमध्ये फिल्मपेक्षा डिजिटल फोटो सरस ठरतात. मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तोही विचारायला हरकत नाही.

काही ठिकाणी थ्रीडी मॅमोग्राफी मिळते, तिला टॉमोसिंथेसिस म्हणतात. यात नळी कमानीसारखी फिरते, वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेते आणि संगणक त्यांच्या मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या तयार करतो. वहीची पानं उलटावीत तसं डॉक्टर एकेक थर बघतात. एकावर एक आलेल्या सावल्यांनी होणारी फसगत त्यामुळे कमी होते. मिळत असेल आणि परवडत असेल तर घ्या. नाही मिळाली म्हणून साधी डिजिटल पुढे ढकलू नका.

चौथी पायरी: स्तन दाट असतील तर सोनोग्राफी

मॅमोग्राफीत चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. ग्रंथी जास्त असलेल्या, म्हणजे दाट स्तनात गाठ शोधणं म्हणजे कापसाच्या ढिगात पांढरा खडा शोधण्यासारखं. रिपोर्टमध्ये दाटपणाला ए ते डी अशी श्रेणी दिलेली असते. सी किंवा डी लिहिलं असेल तर स्तन दाट आहेत. हाताला घट्ट लागतात म्हणजे दाट, असं नसतं. ते फोटोतच कळतं. पाळी चालू असलेल्या पुष्कळ बायकांचे स्तन दाट असतात. तो आजार नाही, पण धोका थोडा वाढवतो आणि गाठ लपवतो, हेही खरं.

सी किंवा डी असेल तर जोडीला सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. सोनोग्राफीत किरणं नसतात, दाब नसतो. पाठीवर झोपून हात डोक्यामागे घ्यायचा, गार जेल लागतं, आणि डॉक्टर प्रोब फिरवत बघतात. गाठ पाण्याची की घट्ट, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, हे सोनोग्राफी फार छान सांगते. मात्र बघणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर ती खूप अवलंबून असते. म्हणून जिथे स्तनाच्या सोनोग्राफी रोज होतात तिथेच करा आणि मॅमोग्राफीचे फोटो डॉक्टरांच्या समोर ठेवा. स्तनासाठी सपाट तोंडाचा, उच्च वारंवारतेचा, साधारण १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा प्रोब लागतो. पोटाच्या सोनोग्राफीचा गोल प्रोब यासाठी नसतो.

चाळिशीपुढे "मॅमोग्राफी दुखते, नुसती सोनोग्राफी करा" असं बरेचदा ऐकते. तसं करू नका. कॅल्शियमचे कण राहून जातील.

एमआरआय कुणासाठी

सगळ्यांसाठी नाही. बीआरसीए जनुकात दोष असेल, आयुष्यभराचा धोका २० टक्के किंवा त्याहून जास्त काढला गेला असेल, किंवा लहानपणी-तरुणपणी छातीला रेडिएशन मिळालं असेल, अशा बायकांना वर्षातून एकदा एमआरआय सुचवतात, मॅमोग्राफीच्या जोडीला. बीआरसीए दोष असलेल्या मुलींची एमआरआय पंचविशीपासून आणि मॅमोग्राफी तिशीपासून सुरू होते.

यात पालथं झोपायचं असतं, दोन्ही स्तन खालच्या पोकळीत मोकळे सोडून. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध जातं. गाठीला रक्तपुरवठा जास्त असल्याने ती उजळते. वेळ अर्धा-पाऊण तास, आवाज मोठा. पाळी येत असेल तर ती सुरू झाल्यापासून ७ ते १४ व्या दिवसाच्या दरम्यान करा, नाहीतर साध्या ग्रंथीही उजळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली कोणतीही धातूची वस्तू असेल तरी सांगा. इथे मात्र मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं काढावंच लागतं. एमआरआय इतकी संवेदनशील असते की निरुपद्रवी गोष्टीही दाखवते आणि मग त्यांच्या मागे धावावं लागतं. म्हणून धोका साधारण असलेल्या बाईने हौसेने ती करू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिबिरांमध्ये कधी कधी कातडीची उष्णता मोजणारी तपासणी 'मॅमोग्राफीऐवजी' म्हणून सांगतात. ना दाब, ना किरणं, म्हणून बायकांना आवडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट बजावलं आहे की ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. पेट स्कॅन आणि रक्तातले ट्यूमर मार्कर हेही स्तनाच्या स्क्रीनिंगसाठी नाहीत.

नागपुरात कुठे

सरकारीमध्ये मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, आणि मिहानमधलं एम्स. कर्करोगाचं सगळं काम एका छताखाली चालणारी दोन ठिकाणं सगळ्यांच्या तोंडी आहेत: मानेवाडा रोडवर तुकडोजी पुतळा चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि वर्धा रोडवर जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. धंतोली-रामदासपेठेत खाजगी केंद्रं ढीगभर आहेत. निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: मशीन आज चालू आहे का, वेळ घ्यावी लागते का, दर किती, आणि गरज पडली तर सोनोग्राफी त्याच दिवशी होईल का. बाहेरगावच्या बाईचा दुसरा फेरा या एका प्रश्नाने वाचतो. हाताला गाठ लागत असेल तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी जिथे एकत्र होते तिथेच जा, थोडं लांब पडलं तरी.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचताना

रिपोर्टच्या शेवटी बाय-रॅड्स असा शब्द आणि एक आकडा असतो. रिपोर्ट हातात घेतला की आधी तो आकडा शोधा.

० म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. हा शून्य बघून लोक एकतर आनंदतात किंवा हादरतात. दोन्ही चूक. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण ते नक्की निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. हे सहा महिने लग्नसराईत, शेतीच्या कामात विसरले जातात. तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा. ४ म्हणजे शंका आहे, सुईने तुकडा काढून तपासायचा. हा आकडा फार पसरट आहे: ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५. म्हणून '४' एवढंच ऐकून रडत घरी जाऊ नका, अक्षर विचारा. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे.

गाठीची जागा घड्याळाच्या काट्यांनी लिहितात: 'डावा स्तन, २ वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंमी.' तुम्हाला जिथे गाठ लागते ती जागा हीच आहे का, ते पडताळून बघा. वेगळी असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

पुन्हा बोलावलं म्हणजे कर्करोग नव्हे. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार १००० बायकांची मॅमोग्राफी केली तर सुमारे १०० जणींना पुन्हा बोलावतात आणि त्यातल्या पाचेक जणींना कर्करोग निघतो. उरलेल्या पंच्याण्णव जणींना काळजी सोसावी लागते, हे या तपासणीचं खरंखुरं नुकसान आहे. कधी कधी आयुष्यभर त्रास दिला नसता असा आजारही सापडतो आणि त्यावर उपचार होतात. उलट बाजूने, मॅमोग्राफी काही कर्करोग चुकवतेही. नॉर्मल रिपोर्टनंतर दोन महिन्यांनी गाठ लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

सुईची भीती

४ किंवा ५ आलं की जाड सुईने तुकडा काढतात. आमच्याकडे ट्रूकट म्हणतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत. फक्त कॅल्शियमचे कण असतील तर मॅमोग्राफीच्या मशीनवरच नेम धरून. बारीक सुईने पाणी किंवा पेशी ओढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, स्वस्त असते, पण उपचार ठरवायला लागणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या चाचण्यांसाठी तुकडाच लागतो. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही गावोगाव पसरलेली समजूत कितीतरी बायकांचा वेळ खाते. ती खरी नाही. तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना कुणी 'गाठ आधी काढून टाकू' म्हणालं, तर थांबा आणि कर्करोगाच्या डॉक्टरांचं मत घ्या.

उमरेडच्या काकूंची मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि ट्रूकट एकाच आठवड्यात झाली. कर्करोगच निघाला. सुनेने आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद पूर्ण केले आणि दिवाळीच्या आधी उपचार सुरू झाले. जाताना काकू मला म्हणाल्या, "संक्रांतीलेच सांगाले पाह्यजे होतं जी." मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

फाईल सांभाळा

मॅमोग्राफीची खरी किंमत दुसऱ्या वेळेपासून कळते, कारण तेव्हा तुलना करायला आधीचा फोटो असतो. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन घरी जाऊ नका, फोटोंची सीडी मागा आणि ती तिथल्या संगणकावर उघडते का, हे बघूनच निघा. दुसऱ्या केंद्रात गेलात तरी ती सोबत न्या.

वर्ध्याकडच्या एक शिक्षिका त्यांची सीडी सातबाऱ्याच्या कागदांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवतात. मागच्या खेपेला त्यांच्या उजव्या स्तनात एक सावली दिसली. एवढ्यावरून सुई लावावी की काय, असा विचार सुरू झाला. बाईंनी पिशवीतून दोन जुन्या सीडी काढल्या. डॉक्टरांनी तिन्ही वेळचे फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. सावली पहिल्यापासून तिथेच होती, तेवढीच. रिपोर्टमध्ये 'बदल नाही' लिहून आलं, आणि बाई दुपारच्या बसने वर्ध्याला परत गेल्या.